हरलेल्या माणसाला मिळालेली हिरवी गाडी

बास्केटबॉलच्या इतिहासातलं सगळ्यात अवघडलेलं बक्षीस कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी १९६९ सालच्या एका हिरव्या डॉज चार्जर गाडीकडे बोट दाखवीन.

ती गाडी मिळाली लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टला. तुम्ही एनबीए बघत नसाल तरी वेस्टला बहुतेक पाहिलेलं आहे. एनबीएच्या लोगोमध्ये चेंडू घेऊन झेपावणारी जी पांढरी आकृती आहे, ती वेस्टच्या छायाचित्रावरून केली असं लोगो बनवणाऱ्या ॲलन सीगल यांनी सांगितलेलं आहे. (एनबीएने मात्र अधिकृतपणे कधी मान्य केलेलं नाही.) अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, म्हणजे फायनल्स एमव्हीपी, १९६९ मध्ये पहिल्यांदा दिला गेला आणि त्याच्यासोबत 'स्पोर्ट' मासिकातर्फे ही गाडी होती. अडचणी दोन होत्या. एक, वेस्टचा संघ ती मालिका हरला होता. दोन, ज्या बॉस्टन सेल्टिक्सने हरवलं त्यांचा रंग हिरवा.

त्यानंतर पन्नासहून जास्त अंतिम मालिका झाल्या. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा किताब पुन्हा एकदाही मिळालेला नाही.

हरलेल्याला बक्षीस ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. २००३ च्या विश्वचषकात सचिनने ६७३ धावा केल्या, तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम सामना आपण हरलो. २०२३ मध्ये विराटच्या ७६५ धावा, तोच किताब, आणि अहमदाबादची तीच संध्याकाळ. पण विश्वचषकात खेळाडू बऱ्याच वेगवेगळ्या संघांशी खेळतो. हा किताब त्या सगळ्या प्रवासाचा असतो, शेवटच्या दिवसाचा नव्हे. बास्केटबॉलच्या प्लेऑफ मालिकेत समोर एकच संघ असतो. तीच माणसं, तीच रिंग, सातपैकी चार सामने जिंकायचे. त्यात 'सगळ्यात चांगला कोण खेळला' या प्रश्नाचं उत्तर हरलेल्या बाजूला असू शकतं का?

माझं म्हणणं असं की या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न लपलेला असतो: आपण काय मोजायचं ठरवलंय? १९६९ ची मालिका हे समजून घ्यायला मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण तिच्यात तीन माणसांचा तीन वेगळ्या पद्धतींनी निवाडा झाला. एकाला आकड्यांनी तोललं, एकाला निकालाने आणि एकाला गोष्टीने.

सात सामने, तीन गुण

आधी परिस्थिती बघू. लेकर्सकडे वेस्ट होता, एल्जिन बेलर होता आणि १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी फिलाडेल्फियाकडून विल्ट चेंबरलेनलाही आणलं. सात फुटांहून उंच, एका सामन्यात १०० गुण केलेला माणूस. आजच्या भाषेत ही 'सुपरटीम'. त्यांनी हंगामात ५५ सामने जिंकले.

समोर बॉस्टन. गेल्या १२ वर्षांत १० विजेतेपदं, पण आता संघ म्हातारा झालेला. सॅम जोन्स ३५ वर्षांचा, हंगामानंतर निवृत्त होणार. बिल रसेल सेंटरला खेळत होता आणि संघाचा कोचही तोच होता. १९६६ मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला होता. या हंगामात सेल्टिक्स त्यांच्या विभागात चौथे आले होते.

त्या काळी तीन गुणांची रेषा नव्हती. ती एनबीएमध्ये १९७९-८० च्या हंगामात आली. कितीही लांबून टाका, दोनच गुण.

पहिला सामना लेकर्सने १२०-११८ जिंकला. वेस्टचे ५३ गुण. दुसरा ११८-११२, वेस्टचे ४१. मग बॉस्टनमध्ये सेल्टिक्सने तिसरा १११-१०५ ने आणि चौथा ८९-८८ ने जिंकला. पाचवा लेकर्सचा, ११७-१०४. वेस्टचे ३९, पण शेवटी शेवटी त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. सहावा बॉस्टनचा, ९९-९०. सहाही सामने यजमानांनी जिंकलेले. सातवा लॉस एंजेलिसला.

५ मे १९६९. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनी छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. जिंकल्यावर फुगे सोडायचे, बँड वाजवायचा, कुणाच्या मुलाखती घ्यायच्या, सगळं कागदावर छापलेलं. तो कागद रसेलच्या हाती लागला. आपल्या खेळाडूंना चेतवायला त्याला वेगळं भाषण करावं लागलं नाही.

वेस्ट पट्टी बांधून खेळला. ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले.

आता कागद-पेन्सिल घ्या. सात सामन्यांत लेकर्सचे एकूण गुण ७४४. सेल्टिक्सचे ७४१. हो, हरलेल्या संघाने तीन गुण *जास्त* केले होते. आणि त्या ७४४ पैकी २६५ एकट्या वेस्टचे, म्हणजे सामन्याला जवळजवळ ३८.

अजून एक हिशोब. चौथ्या सामन्यात लेकर्स एका गुणाने पुढे होते आणि काही सेकंद उरले होते. सॅम जोन्सचा पाय घसरला, तोल गेला, त्याच अवस्थेत त्याने टाकलेला चेंडू रिंगला लागून आत पडला. तो बाहेर पडला असता तर लेकर्स ३-१ ने पुढे गेले असते आणि पाचवा सामना जिंकून त्यांनी मालिका ४-१ अशी संपवली असती. सातव्या सामन्यात तसंच. साधारण मिनिटभर उरलेलं असताना डॉन नेल्सनने टाकलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बराच वर उडाला आणि सरळ जाळीतून खाली आला.

दोनदा चेंडू रिंगवर नाचला, दोनदा हिरव्या बाजूला पडला. तो दुसरीकडे पडला असता तर वेस्टच्या किताबावर कुणी चकार शब्द काढला नसता. आणि तरी वेस्टने जे केलं त्यात एका गुणाचाही फरक पडला नसता. चौथ्या सामन्यातले त्याचे ४० गुण जोन्सचा शॉट सुटण्याआधीच करून झालेले होते.

म्हणून 'हरला तर सर्वोत्तम कसा?' हा प्रश्न मला पटत नाही. निकाल हा खेळाडूच्या कामगिरीचा पुरावा असतो, पण कच्चा पुरावा. एका उसळीवर फिरणारा.

वहीत न लिहिलेलं काम

मग आकडे पक्के का? इथे रसेल येतो.

सातव्या सामन्यात रसेलचे गुण किती? सहा. मालिकेत सरासरी नऊच्या आसपास. रिबाउंड मात्र सामन्याला २१. नुसता स्कोअरकार्ड बघणाऱ्याला वाटेल, चेंडू गोळा करणारा उपयोगी माणूस. पण त्या काळच्या स्कोअरकार्डात काय नव्हतं ते बघा. ब्लॉक नव्हते, स्टील नव्हते. एनबीएने दोन्हींची अधिकृत नोंद सुरू केली १९७३-७४ पासून. चेंडू गमावल्याची, म्हणजे टर्नओव्हरची, वैयक्तिक नोंद आली १९७७-७८ मध्ये. रिबाउंड आपल्या रिंगखालचा की समोरच्यांच्या, हे वेगळं लिहीत नसत.

रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला. ज्या गोष्टीसाठी जग त्याला ओळखतं ती म्हणजे शॉट अडवणं, आणि त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत तिची अधिकृत मोजणीच झाली नाही. त्यातही त्याची खासियत अशी की तो अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. हलकेच टोलवून कोर्टातच ठेवायचा, म्हणजे तो आपल्याच माणसाला मिळेल आणि लगेच दुसऱ्या बाजूला धाव सुरू होईल. आजच्या स्कोअरकार्डातही या दोन ब्लॉकमध्ये फरक नाही. दोन्हीकडे '१' लिहितात.

आणि कोच म्हणून घेतलेले निर्णय? मालिकेच्या सुरुवातीला रसेलने ठरवलं होतं की वेस्टवर दोन माणसं लावायची नाहीत. वेस्टने ५३ आणि ४१ गुण करून उत्तर दिलं. रसेलने डाव बदलला, वेस्टवर दुसरा माणूस पाठवायला सुरुवात केली. तिसऱ्या सामन्यात वेस्टचे २४. हे रसेलच्या खात्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

चौथ्या सामन्यातला जोन्सचा तो शॉटही पुन्हा बघू. त्याला चेंडू टाकायला जागा मिळावी म्हणून तीन सेल्टिक्स खेळाडू भिंतीसारखे उभे राहिले होते: हॅव्हलिचेक, हॉवेल आणि सीगफ्रीड. बास्केटबॉलमध्ये याला स्क्रीन लावणं म्हणतात. दोन गुण जोन्सचे. त्या भिंतीचे शून्य.

हा मुद्दा मला जरा जास्तच भिडतो, कारण कॉलेजच्या टीममध्ये माझं मुख्य काम स्क्रीन लावणं हेच होतं. धावत येणारी मुलगी खांद्यावर आदळते, आपण हलायचं नाही, तोवर आपली शूटर मोकळी होते. मॅच संपल्यावर स्कोअरशीटवर माझ्या नावापुढे बहुतेक वेळा दोन-चार गुण आणि तीन फाउल असायचे. आमच्या मॅडमना माझं काम माहीत होतं, शूटरलाही माहीत होतं. पण पुढे सिलेक्शनला जायची ती शीटच.

आज आपल्याकडे प्लस-मायनस आहे. खेळाडू कोर्टवर असताना त्याचा संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला, याचा हिशोब. न दिसणारं काम पकडायची ही युक्ती चांगली आहे, पण एका सामन्यापुरती ती फसवी ठरू शकते. रसेल सातवा सामना पूर्ण ४८ मिनिटं खेळला. म्हणजे त्याचा प्लस-मायनस काढायला कुठल्या संगणकाची गरज नाही, तो नेमका अधिक दोन आहे. सामन्याचा निकाल तोच त्याचा आकडा. त्यातून रसेलबद्दल नवीन काय कळलं? काहीच नाही. आणि लेकर्सचा एखादा खेळाडू सातही सामने क्षणभरही बाहेर न बसता खेळला असता, तर त्याचा मालिकेचा आकडा अधिक तीन आला असता. हरूनसुद्धा.

चेंबरलेन आणि शेवटची मिनिटं

तिसरा माणूस चेंबरलेन. त्याचा निवाडा ना आकड्यांनी केला ना निकालाने. तो केला एका गोष्टीने.

सातव्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये सेल्टिक्स १७ गुणांनी पुढे होते. लेकर्स परत येऊ लागले. साडेपाच-सहा मिनिटं उरली असताना रिबाउंडसाठी उडी मारलेला चेंबरलेन खाली आला आणि त्याचा गुडघा दुखावला. तो बाहेर गेला, त्याच्या जागी मेल काउंट्स आला. लेकर्स येत राहिले, अंतर एका गुणावर आलं. चेंबरलेनने कोच बुच व्हॅन ब्रेडा कोल्फना निरोप दिला की मी परत येतो. कोचने नाही म्हटलं. काउंट्ससोबत चाललंय, तेच चालू दे. दोघांचं हंगामभर पटत नव्हतं. लेकर्स दोन गुणांनी हरले, चेंबरलेन बाकावर होता. कोचने त्याच उन्हाळ्यात संघ सोडला.

चेंबरलेनला मात्र ती मिनिटं आयुष्यभर चिकटली. 'कठीण वेळी बाहेर बसला.' पुढे रसेलनेही त्याच्यावर जाहीर टीका केली, आणि मित्र असलेली ही दोन माणसं पुढची बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

आता त्याच सामन्याचं स्कोअरकार्ड. चेंबरलेन ४३ मिनिटं खेळला. मैदानातून ८ पैकी ७ शॉट आत. २७ रिबाउंड, त्या दिवशी दोन्ही संघांत सर्वाधिक. आणि फ्री थ्रो १३ पैकी ४.

फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर रेषेवरून कुणीही अडवत नसताना टाकायचा शॉट. नऊ चुकले. सामना दोन गुणांनी गेला. लेकर्स संघाने मिळून त्या दिवशी ४७ पैकी १९ फ्री थ्रो सोडले. चेंबरलेनला दोष द्यायचाच असेल तर तो गुडघ्यात नव्हे, त्या रेषेवर शोधायला हवा. पण फ्री थ्रो चुकणं कंटाळवाणं असतं, सामनाभर थोडं थोडं घडतं. बाकावर बसलेल्या सात फुटी माणसाचं चित्र मात्र एकदा बघितलं की पुसत नाही. आपली आठवण शेवटच्या पाच मिनिटांना पहिल्या त्रेचाळीसपेक्षा जास्त वजन देते. चौथ्या क्वार्टरमधला एक गुण आणि पहिल्या क्वार्टरमधला एक गुण, दोन्ही एकच गुण असतात, हे आपण सगळे जाणतो आणि सगळे विसरतो.

२०१५: तोच प्रश्न, जास्त आकडे

मोजमाप सुधारलं की वाद मिटेल, असं वाटत असेल तर २०१५ कडे या. तोवर एनबीएच्या कोर्टांवर छतात कॅमेरे बसले होते, प्रत्येक खेळाडू किती धावला हेसुद्धा टिपलं जात होतं.

क्लीव्हलँडचे दोन मोठे खेळाडू जायबंदी. केव्हिन लव्ह पहिल्याच फेरीत गेला, कायरी अर्व्हिंग अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात. उरला लेब्रॉन जेम्स. त्याने गोल्डन स्टेटविरुद्ध सामन्याला सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट केले. अंतिम मालिकेत तिन्ही रकान्यांत दोन्ही संघांमध्ये पहिला येणारा तो पहिलाच खेळाडू. क्लीव्हलँड २-१ ने पुढेही गेलं. मग गोल्डन स्टेटच्या कोचने उंच सेंटर अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवलं. हंगामभरात एकाही सामन्यात तो पहिल्या पाचात नव्हता. लेब्रॉनला रोखायचं काम त्याचं. पुढचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटने जिंकले.

मतदान ११ पत्रकारांचं. इग्वोडाला ७, लेब्रॉन ४. गोल्डन स्टेटचा सगळ्यात मोठा तारा स्टीफन करी शून्य.

गंमत बघा. १९६९ मध्ये मोजण्याची साधनं कमी होती आणि मत गेलं सगळ्यात जास्त गुण करणाऱ्याला, तो हरला असूनही. २०१५ मध्ये साधनं भरपूर, आणि मत गेलं समोरच्याला अडवणाऱ्याला. एका अर्थी हा रसेलच्या जातीच्या कामाला उशिरा मिळालेला न्याय होता. पण ज्याच्याविरुद्ध सगळा डाव आखावा लागला, ज्याला रोखणं हीच मालिकेतली सर्वोत्तम कामगिरी ठरली, तो मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू नव्हता, हे मला अजून पचत नाही. लेब्रॉनचे शंभरातले जेमतेम चाळीस शॉट पडले, हे खरं. पण तो नाही तर ते टाकणार कोण होतं?

मग माझं मत कुणाला?

मालिका बघताना मी आता तीन प्रश्न वेगळे ठेवते. या खेळाडूच्या हातात काय होतं? त्यातलं किती त्याने केलं? आणि त्यातलं किती मोजलं गेलं? पहिले दोन कामगिरीबद्दल आहेत. तिसरा मोजणाऱ्यांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. ऑफिसातलं अप्रेझल असो की ग्रुप प्रोजेक्टचे मार्क, आपण बहुतेकदा तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांवर चिकटवून मोकळे होतो.

१९६९ साठी माझं मत वेस्टलाच. दुखऱ्या पायाने ४२-१३-१२ करणाऱ्या माणसाच्या हातात जे होतं ते त्याने केलं. नेल्सनचा चेंडू कुठे पडावा हे त्याच्या हातात नव्हतं. पण हे मत देताना मला माहीत आहे की १९६९ ची वही वेस्टसारख्या खेळाडूसाठी आखलेली होती. रसेलचं अर्धं काम तिच्यात लिहिलंच गेलं नाही, आणि जे लिहिलं नाही ते मी आज आकड्यांनी सिद्ध करू शकत नाही. रसेल कारकिर्दीत १३ हंगाम खेळला, ११ वेळा विजेता झाला. इतक्या वेळा फक्त रिंगची उसळी बाजूला पडत नाही.

वेस्ट एकूण नऊ अंतिम मालिका खेळला, आठ हरला, त्यातल्या सहा बॉस्टनकडून. एकुलतं एक विजेतेपद १९७२ मध्ये मिळालं, न्यूयॉर्क निक्सला ४-१ ने हरवून. त्या मालिकेत वेस्टचे शॉट पडतच नव्हते. एमव्हीपी झाला तो चेंबरलेन, तोच, 'कठीण वेळी बाहेर बसणारा'. म्हणजे वेस्टला विजेत्याची अंगठी मिळाली ती त्याच्या फिक्या मालिकेत, आणि सर्वोत्तम मालिकेची खूण म्हणून मिळाली ती शत्रूच्या रंगाची गाडी.

आणि रसेल? ज्या वर्षी हा किताब सुरू झाला त्याच वर्षी तो निवृत्त झाला, त्यामुळे त्याला तो कधीच मिळाला नाही. २००९ मध्ये एनबीएने किताबालाच त्याचं नाव दिलं. बिल रसेल फायनल्स एमव्हीपी. पुढे कित्येकदा तो स्वतः मंचावर येऊन करंडक देत असे. दरवर्षी जूनमध्ये भारतात सकाळ उजाडलेली असते, आपण मोबाइलवर बघत असतो, आणि अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूला जो करंडक देतात त्यावर नाव असतं सातव्या सामन्यात सहा गुण केलेल्या माणसाचं.